संत्र्याचा सिरका करताना यीस्टचा फेस कसा आवरतो: माझा अनुभव

मृग बहाराचं संत्रं फेब्रुवारी-मार्चमध्ये तुटतं. त्यातलं बारीक, डागी फळ व्यापारी बाजूला काढतो, त्याचा मी सिरका करतो. त्यासाठी आधी रसातल्या साखरेचा यीस्टकडून अल्कोहोल करून घ्यावा लागतो, आणि घरी बिअर आंबवणाऱ्यांना छळणारा फेस इथंही तसाच उसळतो.

२० लिटर रसात साखर साधारण १० टक्के, म्हणजे दोन किलो. तिच्यातून जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, ५०० लिटरहून जास्त वायू. त्यातला बराचसा पहिल्या दोन-तीन दिवसांतच सुटतो. म्हणून २० लिटर रसाला ३० लिटरचा खाद्यपदार्थांसाठीचा ड्रम लागतो. पाण्याच्या २० लिटरच्या जारमध्ये १४-१५ लिटरच भरायचा.

रस काढताना साल हातानं सोलावी. सालीतलं तेल यीस्टला दाबून धरतं, मग आंबणं सुरूच होत नाही म्हणून लोक आणखी यीस्ट टाकतात. बियाही काढाव्यात, नाहीतर कडवटपणा उतरतो. रस दुहेरी कापडातून गाळावा, कारण फेसाला चिवटपणा गरामुळे येतो आणि एअरलॉकची (आतला वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत न घेणारी झाकणावरची झडप) बारीक नळी बुजते तीही गरानंच. नळी बुजली की दाब साठतो आणि झाकण उडतं.

म्हणून पहिले चार दिवस मी एअरलॉक लावतच नाही. ड्रिपचं (ठिबक सिंचनाचं) दुकान बहुतेक तालुक्यांत असतं. तिथून १६ मिमीची साधी, छिद्रं नसलेली लॅटरल (ठिबकची नळी), रबरी ग्रोमेट (छिद्रात घट्ट बसणारं कडं) आणि जॉइंटर (नळी जोडायचा तुकडा) आणायचा. झाकणाला ग्रोमेटच्या मापाचं छिद्र पाडून लॅटरल बसवायची, दुसरं टोक ड्रमपेक्षा खाली ठेवलेल्या गंजातल्या (पातेल्यातल्या) पाण्यात दोन-तीन सेंटिमीटर बुडवायचं. फेस आला तर गंजात जातो, हवा आत शिरत नाही. नळी नवीच हवी. वावरातली जुनी, खत-अ‍ॅसिड गेलेली नळी धुऊनही चालत नाही.

खरा खेळ तापमानाचा आहे. २० ते २५ अंशांत फेस बेतात राहतो, तिसाच्या वर गेला की आवरत नाही आणि वासही बिघडतो. यीस्ट स्वतः उष्णता सोडतं, त्यामुळे मोठ्या ड्रमच्या आतला रस खोलीपेक्षा दोन-चार अंश गरम निघतो. मार्चच्या दुपारी ड्रमला ओलं बारदान गुंडाळून घमेल्यातल्या पाण्यात उभा करावा, समोर पंखा. आपल्याकडची हवा तेव्हा कोरडी असते, म्हणून हे कूलरसारखं काम करतं. पावसाळ्यात या उपायाचा उपयोग नाही. यीस्ट संध्याकाळी घालावं, २० लिटरला ५ ग्रॅम कोरडं वाइन यीस्ट. ते आधी ५० मिली कोमट पाण्यात, ३५ ते ४० अंशांच्या, पंधरा मिनिटं भिजवायचं.

गोडी कमी वाटली तर गूळ यीस्ट घालायच्या आधीच विरघळवून घ्या. आंबत्या ड्रममध्ये कोरडा गूळ टाकला की विरघळलेला वायू एकदम सुटतो आणि रस छताकडे जातो. तो यीस्टचा दोष नाही. जोरात ढवळल्यानंही तसंच होतं.

फेस मोडायला काही जण तेलाचे थेंब टाकतात. सिरक्यासाठी मला ते पटत नाही: पुढच्या टप्प्यात अल्कोहोलचा सिरका करणाऱ्या जीवाणूंना पृष्ठभागावर हवा लागते, तेलाची तवंग तिथंच आडवी येते. बिअरवाले सिमेथिकॉन हे फेस मोडणारं द्रव्य वापरतात, पण ड्रममध्ये जागा सोडली असेल तर त्याची गरज पडत नाही.

खोली बंद ठेवू नका, कार्बन डायऑक्साइड जमिनीलगत साठतो. चौथ्या-पाचव्या दिवशी फेस खाली बसला की काठाला चिकटलेला गर पुसून एअरलॉक लावायचा. हायड्रोमीटरचं (रसाची घनता मोजणारं साधन) वाचन १.००० च्या आसपास दोन दिवस स्थिर राहिलं की वरचा निवळ रस रुंद तोंडाच्या बरणीत काढून चौथा हिस्सा जुना, न उकळलेला सिरका मिसळायचा आणि तोंडाला फक्त कापड बांधायचं.