तुम्ही विचारलंत म्हणून: थ्रीडीच्या आधी फरशी का?

"मॅडम, रिसेप्शनचं थ्रीडी चित्र कधी दाखवताय?" दवाखाना थाटायला निघालेला जवळजवळ प्रत्येक डेंटिस्ट पहिल्याच आठवड्यात हे विचारतो. मी दवाखान्यांचं इंटिरिअर करते, पण तेव्हा मी डक्टपासून, म्हणजे इमारतीचे सांडपाण्याचे पाइप उतरतात त्या पोकळीपासून, खुर्चीपर्यंत टेप धरून फरशीच्या लेव्हल घेत असते. परवा एका डॉक्टरांनी जरा वैतागूनच विचारलं, "चारशे फुटांच्या जागेत एवढं काय मोजताय?" तेव्हा नीट सांगता आलं नाही. आता सांगते.

डेंटल चेअर फर्निचरमध्ये धरू नका. तिच्या पायाशी पाणी येतं, कॉम्प्रेसरची हवा येते, वीज येते आणि तोंडातलं सगळं वाहून नेणारा पाइप तिथूनच निघतो. बाकीचं कुठूनही वळवून आणता येतं, सांडपाण्याला उतारच लागतो. ४० इंचांना १ इंच धरला, तर १० फुटांवरच्या डक्टपर्यंत ३ इंच. पाइप २ इंचांचा. वरची इंचभर फरशी धरून झाले ६. तळमजल्याचा गाळा असेल तर जमीन खोदता येते. वरच्या मजल्यावर स्लॅब फोडायचा नसतो, आणि आपल्या छताखाली दवाखान्याचा पाइप लटकवू द्यायला खालचं बिऱ्हाड कशाला तयार होईल? मग खोलीची फरशीच उचलावी लागते.

२०११ साली कोथरूडमधल्या एका जुन्या सोसायटीत, पहिल्या मजल्यावरच्या ब्लॉकमध्ये मी अशीच खोली उचलली. खुर्ची खिडकीपाशी हवी, हा हट्ट माझा होता. आडव्या पडलेल्या माणसाला गुलमोहर दिसावा म्हणून. खिडकी डक्टपासून सगळ्यात लांब. दारात ६ इंचांची पायरी आली. जागा मोठी वाटावी म्हणून बाहेर आणि आत एकच फरशी लावली, अगदी सांध्याला सांधा जुळवून. पॅसेजमध्ये मंद पिवळे दिवे. फोटो फार सुंदर आले होते.

उद्घाटनानंतर तीनएक आठवड्यांनी मी शेवटच्या बिलासाठी गेले होते. बाहेर बाकावर बसले होते. आत एका काकूंची दाढ काढली होती. त्या दारात आल्या तेव्हा चष्मा हातात होता, पदराने पुसत होत्या. डोळ्यांवर इतका वेळ खुर्चीचा दिवा होता, समोर माझा अंधुक पॅसेज. वरची फरशी कुठे संपते ते त्यांना दिसलंच नाही. पाय हवेत पडला आणि त्या उजव्या हातावर कोसळल्या.

आवाज आला तो चष्म्याचा. काकूंचा नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, अर्धा तास कापूस घट्ट दाबून धरा, तोंड उघडू नका. मनगट मोडलं होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तरी त्या बाईंनी दात आवळून तो बोळा धरून ठेवला होता. मी त्यांचा खांदा धरून फरशीवर बसले होते. त्यांचं अर्धं तोंड बधिर होतं. नंतर त्या कशाबशा म्हणाल्या, "माझंच लक्ष नव्हतं गं."

तेव्हा मी स्वतःला काय काय सांगितलं! ड्रॉइंगवर डॉक्टरांची सही आहे. पुण्यातल्या निम्म्या जुन्या घरांत पायऱ्या आहेत. दिवा मोठा हवा होता, एवढंच. आठवड्याभरात पायरीच्या कडेला काळी-पिवळी पट्टी लावली, दिवे बदलले आणि प्रश्न सुटला असं मानलं. आज ते पटत नाही. दातांच्या दवाखान्यातून बाहेर पडणारा माणूस आत आलेला माणूस नसतोच. तो बधिर असतो, घाबरलेला असतो, कधी कवळी रुमालात गुंडाळून निघालेला असतो. त्याच्या लक्षावर मी काम सोपवलं होतं. तरीही सगळा दोष माझाच, असंही मी म्हणणार नाही. स्लॅब माझा नव्हता, ती जागाही मी निवडलेली नव्हती.

म्हणून आधी फरशी. दातावरच्या कॅपचा रंग नीट जुळावा म्हणून दिवे कोणते, भिंती किती फिक्या, वापरलेली हत्यारं धुण्यापासून ऑटोक्लेव्हपर्यंत, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रापर्यंत, कोणत्या वाटेने जातील, हे मी पुढे नीट बसवते. एकदा चुकलेली लेव्हल मात्र कोबा फोडल्याशिवाय सुधारत नाही.

यावर पक्का तोडगा माझ्याकडे आहे असं समजू नका. सगळा ब्लॉक उचलला तर स्लॅबवर भरावाचं वजन वाढतं आणि पायरी मुख्य दारात येते. ६ इंचांना १२ला १ असा रॅम्प करायचा तर ६ फूट जातात, म्हणजे बसायची निम्मी जागा. हल्ली मी खुर्ची डक्टच्या भिंतीला घेते आणि पाइप फरशीवरूनच भिंतीच्या कडेने, खोक्यात झाकून नेते. पायरी जाते. पण डॉक्टर उजवे असतील, तर पेशंटच्या डाव्या बाजूला, भिंत आणि खुर्ची यांच्या मधे असिस्टंट उरते. गेल्या महिन्यात पूर्ण झालेल्या दवाखान्यात तिला जेमतेम दीड फूट मिळालाय. तोंडातलं पाणी ओढणारी सक्शनची नळी धरून ती दिवसभर कमरेत वळून उभी असते. मी गेले की हसून म्हणते, "छान झालंय मॅडम." मी टेप काढून पुन्हा मोजते. दीडच फूट भरतो.