बीटीची वही: जून ते दिवाळी 2025

क्रेडिट कार्डाच्या बॅलन्स ट्रान्सफरमधून (बीटी, म्हणजे एका कार्डाचं बिल दुसऱ्या कार्डावर कर्ज घेऊन भरणं) आपल्याकडे खरंच पैसे सुटतात का, हे यंदा कागदावर मांडून बघायचं ठरवलं होतं. उत्तर आलंय. सुटतात, पण गृहकर्जाचं ओव्हरड्राफ्ट (ओडी) खातं, म्हणजे ज्यात पैसे ठेवले की तेवढ्या कर्जावर व्याज लागत नाही आणि हवे तेव्हा काढता येतात असं खातं, असेल तरच, आणि तेही चहापाण्यापुरते.

परदेशातले आकडे वाचून हुरळून जाणाऱ्या नव्या मंडळींसाठी आधी एक खुलासा. ब्रिटन-अमेरिकेत शून्य टक्क्याची मुदत वर्ष-दीड वर्षाची, कधी त्याहूनही लांब असते. तिथे 3 टक्के फी घेतली तरी ती इतक्या महिन्यांवर पसरते. आपल्याकडे मुदत 60 किंवा 90 दिवस, फार तर सहा महिने. फी थोडी कमी असली तरी दिवस इतके थोडे की सगळी गंमत तिथेच संपते.

जून

शाळेची फी, मेअखेरची सवलत गाठायला भरलेला महापालिकेचा मिळकतकर आणि विम्याचा हप्ता, सगळं एकाच कार्डावर आलं. म्हणजे उचलायला बॅलन्स आयता तयार. ऑफरचे फोनही सुरू झाले. "सर, झिरो पर्सेंट, आज रात्रीपर्यंतच." ही आज रात्र दर आठवड्याला येते.

पहिली ऑफर: 60 दिवस, व्याज शून्य, फी 2 टक्के. फीवर 18 टक्के जीएसटी धरला की 2.36. याला 365 ने गुणून 60 ने भागा. वर्षाला 14 टक्क्यांच्या वर! शून्य म्हणून विकलेलं हे कर्ज गृहकर्जापेक्षा महाग पडतं. नकार दिला.

दुसरी: 12 हप्ते, महिना 0.99 टक्के "फ्लॅट". फ्लॅट म्हणजे फेडलेल्या मुद्दलावरही शेवटच्या हप्त्यापर्यंत व्याज. घटत्या शिलकीवर मांडलं तर हे वर्षाला साधारण 21 टक्के होतं, शिवाय व्याजावर जीएसटी वेगळा. ज्याचं थकलेलं बिल महिना साडेतीन-पावणेचार टक्क्यांनी वाढतंय, त्याला हे वरदान आहे. आपल्या खेळात याचा उपयोग नाही.

आमच्या सोसायटीतल्या काकांची उभी हयात बँकेत गेली. माझी वही चाळून ते म्हणाले, "आधी फी बघ रे. शून्य मागनं बघ." त्यांच्या बोलण्याला आधार आहे. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते, तो खर्च प्रोसेसिंग फीच्या रूपात ग्राहकाच्याच माथी मारला जातो, असं रिझर्व्ह बँकेने 2013 साली हप्त्यांच्या योजनांबद्दल बँकांना सुनावलं होतं.

तिसरी ऑफर: 90 दिवस, शून्य व्याज, फी 1 टक्का. जीएसटीसह 1.18, वर्षाच्या हिशोबात 4.8 टक्क्यांच्या आत. इथे पेन टेकवलं.

जुलै

रक्कम 1,50,000. फी 1,500, जीएसटी 270, एकूण 1,770 रुपये.

आपल्याकडे बीटीचे पैसे हातात येत नाहीत, एनईएफटीने थेट जुन्या कार्डावर जातात. त्यामुळे युक्ती अशी की जुन्या कार्डाचं बिल बीटी भरते आणि बिलासाठी बाजूला काढलेली आपली रक्कम मोकळी राहते. ही रक्कम ठेवायची कुठे, यावरच सगळा नफा-तोटा ठरतो.

90 दिवसांच्या एफडीत 6 टक्के मिळाले असं धरू. व्याज 2,219 रुपये. ते उत्पन्नात जमा होणार, म्हणजे 30 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेससह 31.2 टक्के कर. हातात उरतात 1,526 रुपये. फी वजा केली की 244 रुपये तोटा, वर बँकेच्या ॲपात दोन तास. लिक्विड फंडाचीही (हा डेट फंडाचाच एक प्रकार) गत फार वेगळी नाही. एप्रिल 2023 नंतर घेतलेल्या डेट फंडांचा नफा स्लॅबनेच करपात्र झालाय.

गृहकर्जाच्या ओडी खात्यात (स्टेट बँकेचं मॅक्सगेन आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल) तीच रक्कम ठेवली की 8 टक्के दराने 2,959 रुपयांचं व्याज वाचतं. वाचलेलं व्याज हे उत्पन्न नव्हे, म्हणून त्यावर कर नाही. मात्र जुन्या करप्रणालीत असाल आणि राहत्या घराच्या कर्जाचं वर्षाचं व्याज दोन लाखांच्या आत असेल, तर व्याज वाचल्यावर वजावटही तेवढी घटते. नव्या प्रणालीत राहत्या घराला ती वजावट नाहीच, त्यामुळे तिथे बचत निखळ.

आता तारखा. जुन्या कार्डाचे बिनव्याजी दिवस फुकटच असतात, ते का वाया घालवायचे? बिल आल्या आल्या बीटी घेतली तर तुम्ही फी मोजून फुकटचेच दिवस विकत घेता. ड्यू डेटच्या (बिल भरायच्या शेवटच्या तारखेच्या) तीन-चार कामाचे दिवस आधी अर्ज करावा. पैसे पोचायला तेवढा अवधी लागतो. शनिवार-रविवार मधे येत असेल तर आणखी आधी.

ऑगस्ट-सप्टेंबर

या काळात करायचं काहीच नसतं, आणि तेच जड जातं. बीटी घेतलेलं कार्ड कपाटात. कारण त्या कार्डावर आधीचा बॅलन्स थकलेला असताना नवी खरेदी केली तर बिनव्याजी मुदत मिळत नाही, स्वाइप केल्या दिवसापासून व्याज लागतं. गणपतीची लक्ष्मी रोडवरची खरेदी दुसऱ्या कार्डावर केली, जे दरमहा पूर्ण भरतो.

शून्य टक्के असलं तरी मिनिमम ड्यू (दर बिलाला भरायची किमान रक्कम) भरावाच लागतो. माझ्या कार्डाला 5 टक्के, म्हणजे पहिल्यांदा 7,500 आणि पुढच्या खेपेला 7,125. ऑटो-डेबिट लावून टाकलं. ड्यू डेटनंतर तीन दिवस उलटल्याशिवाय लेट फी लावायची नाही, असा रिझर्व्ह बँकेचा 2022 चा नियम आहे खरा, पण त्या भरवशावर राहू नये. ऑफरच्या अटींमध्ये एक हप्ता चुकला की शून्य टक्के रद्द, असं कलम बारीक अक्षरात असतं.

सिबिल स्कोअर (कर्जफेडीच्या सवयीवरून मिळणारे पतीचे गुण) अपेक्षेप्रमाणे घसरला, कारण कार्डाची बरीचशी लिमिट वापरात दिसते. 2025 च्या जानेवारीपासून बँका ही माहिती पंधरवड्याला पाठवू लागल्या, त्यामुळे घसरण लवकर दिसते आणि भरपाईही. येत्या काही महिन्यांत कर्जाचा अर्ज करायचा असेल तर हा उद्योग मुळीच करू नका.

22 सप्टेंबरला जीएसटीचे दर बदलले. आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या वैयक्तिक हप्त्यावरचा कर गेला, आनंद आहे. बीटीच्या फीवरचे 18 टक्के जागच्या जागी.

ऑक्टोबर

मुदत संपायच्या चार दिवस आधी ओडीतून पैसे काढून बीटी पूर्ण फेडली. मिनिमम ड्यूपोटी आधीच गेलेल्या रकमेमुळे व्याजबचत शंभरेक रुपयांनी कमी झाली, आधी फेडल्यामुळे आणखी तेवढीच. फी वजा जाता सुटले हजाराच्या आत-बाहेर.

घरी आकडा सांगितल्यावर, "एवढ्यासाठी वही घातलीस?" असा प्रश्न आला. हो, घातली. पत्त्यांत तरी कुठे कोण श्रीमंत होतं?

पुढच्या फेरीचं गणित अवघड आहे. रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) फेब्रुवारी ते जूनमध्ये 6.50 वरून 5.50 वर आला आणि माझं ओडीही त्याच्यामागे उतरलं. कर्ज स्वस्त झालं की बीटीतली कमाई आटते. म्हणून आता माझी अट अशी: जीएसटीसह फीचा वार्षिक दर ओडीच्या दरापेक्षा किमान 2 टक्क्यांनी कमी हवा. 90 दिवसांची ऑफर असेल तर फी सव्वा टक्क्याच्या वर नको, 60 दिवसांची असेल तर पाऊण टक्क्याच्या थोडं वर, बस. कुणाला 180 दिवसांची, दीड टक्क्याच्या आतली ऑफर आली असेल तर मुदत कोणत्या दिवसापासून मोजतात तेवढं विचारून इथे टाका: अर्जाच्या, पैसे पोचल्याच्या की स्टेटमेंटच्या.