चुळबुळ

लेक जन्मली, पण रडली नाही. पाणी हिरवं आलं म्हणून अक्कलकोटहून रात्रीच सोलापूर गाठलं, सिझर झालं. अपगार, म्हणजे जन्मताच बाळाला दहापैकी देतात ते गुण, पहिल्या मिनिटाला 2, पाचव्याला 4, दहाव्याला 6. सासूबाई येईल त्याला सांगत होत्या, "काचेत ठेवलंय."

मी डॉक्टर मॅडमना एकच विचारत होतो, "पोरगी नीट होईल ना?" त्या म्हणायच्या, "आज नाही सांगता येणार." मला ती टाळाटाळ वाटली. भांडलोसुद्धा.

दुसऱ्या दिवशी झटके आले. तेव्हा त्यांनी मला बसवून समजावलं. ऑक्सिजन कमी पडलेल्या बाळांचे तीन टप्पे. सौम्य असेल तर बहुतेक बाळं सावरतात, तीव्र असेल तर आशा कमी, आणि मधल्यांचं काहीच सांगता येत नाही. आमची मधली. मेंदूची इजा कमी व्हावी म्हणून अशा बाळाला 72 तास 33.5 अंशांवर थंड ठेवतात, असं मेव्हण्याने मोबाईलवर वाचलं होतं. बाहेर एप्रिलचं सोलापूर, आणि आम्ही बाळ गार करायचं विचारतोय! मॅडम म्हणाल्या, भारत, श्रीलंका, बांगलादेशातल्या 408 बाळांचा अभ्यास 2021 मध्ये आला. त्यात थंड केल्याने फायदा दिसला नाही, उलट मृत्यू जास्त झाले. म्हणून इथे ताप चढू न देणं, साखर सांभाळणं, झटके थांबवणं एवढंच.

बायको दुसऱ्या मजल्यावर, टाके ओले. वाटीत दूध काढून पाठवायची आणि विचारायची, "चोखते का?" पाचव्या दिवशी चोखायला लागली. मॅडमच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. आठवड्याच्या आत बाळ अंगात जोर धरून दूध प्यायला लागलं, तर ते चांगलं लक्षण.

सहाव्या दिवशी एमआरआय. मेंदूच्या मधोमध, बेसल गँग्लिया आणि थॅलॅमसमध्ये इजा असेल तर हातापायांचं अवघड. तो भाग स्वच्छ होता. मी पेढे आणायला निघालो, तर त्या म्हणाल्या, "थांबा. चालण्याचं बरं दिसतंय. बोलणं, शाळा, लक्ष लागणं हे फोटोत दिसत नाही."

मग तीन महिन्यांनी व्हिडिओ मागितला. बाळ जागं, उताणं, खुळखुळा नको, कुणी बोलायचं नाही. आमच्या घरात हे सर्वात अवघड. आई दर मिनिटाला बांगड्या वाजवायची, "ए सोनुल्या!" चौथ्यांदा काढला तेव्हा तिला स्वयंपाकघरात कोंडलं.

मॅडमनी तो दोनदा पाहिला. मनगटं, घोटे, मान, सगळं बारीक बारीक हलत होतं. या वयात ही चुळबुळ नसेल तर सेरेब्रल पाल्सीची, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचाली अवघड होण्याची, शंका घेतात.

"आहे," त्या म्हणाल्या. "भरपूर आहे."

फाईलवर पुढच्या तारखा लिहिल्यात: कानांची तपासणी, सहा महिने, वर्ष, दोन वर्षं. पेढे मात्र मी त्याच दिवशी आणले.