पाव मिलिमीटर

न्यू जर्सीतल्या एका लिलावगृहात मी टपाल तिकिटांची वर्णनं लिहितो. एक मराठी मुलगी वडिलांचा संग्रह घेऊन आली. वडील गेले, घर विकायला काढलेलं. अल्बममधलं एकच तिकीट तिला नेमकं ठाऊक होतं. "काका, बाबा म्हणायचे, हे एकटं बाकीच्या सगळ्यांना भारी आहे."

वॉशिंग्टनचं दोन सेंटांचं लाल तिकीट. खाली पेन्सिलीनं लिहिलेलं: स्कॉट ४६१, हा स्कॉट या तिकिटांच्या कॅटलॉगमधला क्रमांक. म्हणजे १९१५ चं, एकेरी रेषेचा वॉटरमार्क (कागदातच असलेली पुसट खूण), कडेची छिद्रं दर २ सेंटिमीटरला ११. खरं असेल तर शेकडो डॉलरचं. पण त्याच वॉटरमार्कचं बिनछिद्रांचं ४०९ किरकोळ भावात मिळतं, आणि त्याला भोकं पाडून ४६१ म्हणून खपवणं हा जुना धंदा आहे. खुद्द कॅटलॉगमध्येच तसा इशारा आहे.

गेजवर, म्हणजे छिद्रं मोजायच्या पट्टीवर, ठेवलं तर ११ बरोबर बसलं. पण २ सेंटिमीटरमध्ये किती छिद्रं एवढंच गेज सांगतं, आणि भोकं पाडणाऱ्याकडेही गेज असतंच की!

मग स्कॅनर. मागे काळा कागद, १२०० डीपीआय, म्हणजे इंचाला १२०० पिक्सेल. आधी स्टीलची पट्टी आडवी-उभी स्कॅन केली, कारण दिवा सरकतो त्या दिशेनं माप किंचित चुकू शकतं; ही तपासणी न करता काढलेला आकडा मी धरत नाही. शेजारी १९१७ ची, ११ छिद्रांचीच, अगदी स्वस्त तिकिटं ठेवली. ती खोटी करण्यात कुणाला काय मिळणार?

पहिल्या छिद्राच्या मध्यापासून अकराव्याच्या मध्यापर्यंत स्वस्त तिकिटांवर ८६४ पिक्सेलच्या आसपास भरत होते. हिच्या तिकिटावर ८५०. फरक ०.३ मिलिमीटर, डोळ्यांना दिसणारच नाही असा. तेवढ्यावर मी निकाल दिला नसता.

डाव्या आणि उजव्या बाजूच्या छिद्रांच्या मध्यांतून एकेक रेघ ओढली. वरच्या टोकाला दोन रेघांमधलं अंतर १०४१ पिक्सेल, खाली १०२९. सरकारी छापखान्यातल्या यंत्रात भोकं पाडणारी चाकं एकाच दांड्यावर बसवलेली असत आणि अख्खा ताव त्यांच्याखालून एकदम जाई. त्या दोन रेघा समांतरच यायला हव्यात. इथे त्या खाली पाव मिलिमीटरनं जवळ येत होत्या. म्हणजे एक बाजू पाडून, तिकीट फिरवून, दुसरी वेगळी पाडलेली.

स्क्रीन तिच्याकडे वळवून दोन्ही रेघा दाखवल्या. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बाबांना फसवलं कुणीतरी." मी हो म्हटलं. तिच्या वडिलांनी गेज लावूनच घेतलं असणार. त्या काळी घरबसल्या याहून जास्त काय तपासता येणार होतं? तज्ज्ञ समितीकडे पाठवलं, तिथूनही उत्तर तेच आलं: ४०९, छिद्रं नंतर पाडलेली.

तिकीट तिनं लिलावातून काढून घेतलं. संग्रहातल्या बाकीच्या वॉशिंग्टन-फ्रँकलिन मालिकेतल्या तिकिटांच्या चारही बाजू आता मी अशाच मोजतो आहे. १२ छिद्रांची सगळी झाली, ती चोख आहेत.