पहिली बोल्ट-ॲक्शन रायफल कोणती घ्यावी? तुम्ही विचारलेत म्हणून

पेन्सिल्वेनियात हरणाच्या शिकारीचा परवाना काढणारी मराठी माणसे फार नाहीत, आणि त्यांतला एक मी आहे हे इथल्या मंडळातल्या बऱ्याच जणांना ठाऊक असल्यामुळे ऑक्टोबर उजाडला की कुणी ना कुणी मला तोच प्रश्न विचारतो: पाचशे-सहाशे डॉलरांत बसणारी आणि तरीही नेमाला पक्की अशी पहिली बोल्ट-ॲक्शन रायफल, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर नळीची मागची बाजू बंद करणारा दांडा (बोल्ट) हाताने मागेपुढे सरकवावा लागतो अशी, कोणती? उत्तर आधी देऊन टाकतो. रूगर अमेरिकन घ्यावी, .३०८ विंचेस्टर किंवा ६.५ क्रीडमूर या काडतुसाची. हात आखडता असेल तर सॅव्हेज ॲक्सिस २ घ्यावी. आणि दोनशे-तीनशे डॉलर जास्त घालायची तयारी असेल तर फिनलंडमध्ये बनणारी टिक्का टी३एक्स घ्यावी. मात्र विचारणारे बहुतेक जण अचूकपणाच्या आकड्यावर अडलेले असतात, आणि माझ्या मते आजच्या बाजारात तो आकडा हा या निवडीतला सर्वांत कमी काळजीचा भाग आहे. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

त्याआधी कायद्याचे बोलणे आवश्यक आहे, कारण आपल्यापैकी अनेक जण एच-१बी किंवा तत्सम व्हिसावर असतात. अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावरच्या व्यक्तीला अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक विकत घेण्यास आणि बाळगण्यासही मनाई आहे. या मनाईला काही मोजके अपवाद असून, एखाद्या राज्याचा चालू शिकार-परवाना जवळ असणे हा त्यांतला एक आहे. ग्रीन कार्डधारकाला ही अडचण नाही. दुकानात बंदूक-खरेदीचा संघीय फॉर्म ४४७३ भरावा लागतो आणि पार्श्वभूमीची तपासणी होते. त्या फॉर्मवर आपण स्वतःसाठीच खरेदी करत आहोत हे लिहून द्यावे लागते, त्यामुळे ‘तुझ्या नावावर घे, पैसे मी देतो’ हा आपल्याकडचा सरळ वाटणारा व्यवहार इथे गंभीर गुन्हा ठरतो. न्यू जर्सीतल्या मंडळींना आधी तिथले बंदूक-खरेदीचे ओळखपत्र काढावे लागते, आणि त्या राज्यात हरणाच्या शिकारीला अशी रायफल चालतच नाही, तेव्हा एडिसनहून विचारणाऱ्यांनी ती कुठे वापरणार हे प्रथम ठरवावे. पेन्सिल्वेनियात पहिला परवाना काढण्यापूर्वी प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. शिवाय इथे हरणासाठी सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे पुढचे काडतूस आपोआप भरणारी, रायफल वापरता येत नाही, त्यामुळे नवशिक्याचे पाऊल आपोआपच बोल्ट-ॲक्शनकडे वळते.

आता स्वस्त रायफल अचूक कशी असू शकते, या शंकेकडे येतो. नळी आणि रिसीव्हर (बोल्ट ज्यात सरकतो तो भाग) जोडताना हेडस्पेस, म्हणजे बोल्टचे तोंड आणि काडतूस जिथे टेकते ती जागा यांतले अंतर, अगदी काटेकोर राखावे लागते. पूर्वी त्यासाठी नळीचा खांदा थोडा थोडा घासून बसवणारा कुशल कारागीर लागत असे आणि त्याच्या वेळेचे पैसे किमतीत धरले जात. १९५८ साली सॅव्हेज कंपनीने निकोलस ब्रूअर यांनी आखलेले ११० हे मॉडेल आणले, त्यात नळीवर एक मोठा नट होता. काडतुसाच्या मापाचा गेज आत ठेवायचा, नळी त्याला टेकेपर्यंत फिरवायची आणि नट आवळून टाकायचा, एवढ्यावर ते काम आले. त्याच मॉडेलमध्ये बोल्टचे डोके हा वेगळा, किंचित हलता भाग होता, त्यामुळे त्यावरचे दोन्ही लग (बोल्ट अडकवून धरणारे दात) आपापल्या खाचेत सारख्या दाबाने बसत. एरवी तेवढ्यासाठीही कारागिराचा हात लागला असता. २०१२ मध्ये बाजारात आलेल्या रूगर अमेरिकननेही नळीच्या नटाचीच पद्धत उचलली, आणि दस्त्यात (नळीखालून खांद्यापर्यंत जाणारा लाकडी किंवा प्लॅस्टिकचा भाग) रिसीव्हर हलू नये म्हणून ‘व्ही’ आकाराचे दोन धातूचे ठोकळे बसवले. नळ्या तर यंत्रावरच तयार होतात. रूगरची नळी थंड अवस्थेत हातोड्यांखाली ठोकून घडवतात आणि सॅव्हेजच्या नळीत बटण, म्हणजे कठीण धातूचा तुकडा, ओढून आतून आटे पाडतात. सांगायचे ते असे की या रायफलींची किंमत उतरली ती नळीचा दर्जा घटवून नव्हे, तर कारागिराचे तास वाचवून, आणि दस्ता, मॅगझीन, चकाकी अशा दिखाऊ गोष्टींत काटछाट करून.

विचारणाऱ्यांच्या तोंडी सतत असणाऱ्या ‘सब-एमओए’चा, म्हणजे एका एमओएहून लहान गटाचा, हिशेबही पाहून घेऊ. एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग. १०० यार्डांवर तो १.०४७ इंच, व्यवहारात एक इंच धरतात. जाहिरातीतली हमी बहुधा तीन गोळ्यांच्या गटाची, म्हणजे एकाच नेमाने झाडलेल्या तीन गोळ्यांची छिद्रे कागदावर किती जवळजवळ पडतात त्याची, असते, आणि तीन गोळ्या फारच थोडे सांगतात. निव्वळ संख्याशास्त्राच्या हिशेबाने, तीन गोळ्यांचे सरासरी एक इंचाचे गट देणारी रायफल दहा गोळ्या झाडल्यावर सरासरी दीड इंचाहून थोडा मोठा गट देते, आणि यात तिचा काहीही दोष नसतो. कुणी खिशातून एकच छोटा गट असलेला कागद काढून दाखवला तर मी त्याचे कौतुक करतो आणि बाकीचे कागद कुठे आहेत ते विचारतो. दुसरे असे की हरणाच्या छातीतला मर्मभाग सुमारे आठ इंच व्यासाचा, म्हणजे साधारण नाश्त्याच्या बशीएवढा, असतो आणि पेन्सिल्वेनियाच्या दाट जंगलात बहुतेक नेम १०० यार्डांच्या आतले असतात. तिथे एक एमओए आणि दीड एमओए यांतला फरक अर्ध्या इंचाचा पडतो, तर बसल्या जागी घाईने ओढलेल्या चापाचा फरक पाच इंचांचाही पडू शकतो.

म्हणून दुकानात गेल्यावर मी आकडा बाजूला ठेवून रायफल हातात घेतो. पहिली परीक्षा दस्त्याची. एक डॉलरची नोट दुहेरी घडी करून नळी आणि दस्ता यांच्यामध्ये पुढच्या टोकाकडून सरकवावी. ती कुठेही न अडकता रिसीव्हरपर्यंत गेली पाहिजे. नळी दस्त्याला शिवत नसेल तर ती तापल्यावरही नेमाची जागा सहसा बदलत नाही. मग डाव्या हाताने दस्त्याचा पुढचा भाग नळीकडे जोराने दाबावा. स्वस्त प्लॅस्टिकचा दस्ता इथे वाकतो आणि नळीला टेकतो, आणि असा दस्ता वाळूच्या पिशवीवर किंवा दुपायीवर टेकवला की गोळ्या एका बाजूला सरकू लागतात. ॲक्सिसचा दस्ता या परीक्षेत काठावर पास होतो, रूगरचा थोडा बरा आहे, आणि टिक्काचे जास्तीचे पैसे पुष्कळसे या कडकपणात आणि बोल्टच्या गुळगुळीत चालीत जातात.

दस्त्याची दुसरी बाजू आपल्यासाठी विशेष महत्त्वाची आहे, आणि तिच्याविषयी विक्रेता क्वचितच बोलतो. चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतची लांबी सर्वसाधारणपणे साडेतेरा ते पावणेचौदा इंच ठेवलेली असते, ती उंच अमेरिकन माणसाच्या हिशेबाने. पाच फूट चार इंच उंचीच्या माणसाने, त्यातून थंडीचे जाड जॅकेट घालून, ती खांद्याला लावली तर त्याचा हात ताणला जातो, मान पुढे काढावी लागते आणि दुर्बिणीतले चित्र काळ्या कडांनी झाकले जाते. अशा वेळी साडेबारा इंचांच्या आसपासचा कॉम्पॅक्ट दस्ता किंवा पट्ट्या काढून लांबी बदलता येईल असा दस्ता मागावा. रूगरच्या अमेरिकन मालिकेच्या दुसऱ्या पिढीत ही सोय आहे. दुकानात जाताना जॅकेट घालून जावे, सप्टेंबर असला तरी.

चापाच्या बाबतीत स्वस्त रायफली पूर्वी खरोखरच वाईट होत्या. सहा-सात पौंडांचा जोर लागणारा खरखरीत चाप ओढताना साडेसहा पौंडांची रायफलच हलत असे. सॅव्हेजच्या अक्यूट्रिगरने हे चित्र बदलले. त्याच्या मधोमध एक पातळ पाते असते, ते बोटाने दाबल्याशिवाय चाप सुटत नाही, आणि म्हणूनच तो हलका ठेवूनही धोक्याचा होत नाही. रूगरचा चाप तीन ते पाच पौंडांच्या दरम्यान स्वतःला कमी-जास्त करता येतो. नवशिक्याने तो साडेतीनच्या खाली नेऊ नये असे माझे मत आहे, कारण नोव्हेंबरच्या थंडीत हातमोज्यातल्या बोटाला हलकेपणा कळत नाही. सुरक्षेची कळ अंगठ्याखाली सहज यावी. ती लावलेली असतानाच बोल्ट उघडून काडतूस बाहेर काढता आले तर फारच उत्तम. मॅगझीन प्लॅस्टिकचे असते, आणि एक जास्तीचे घेऊन ठेवले की तो विषय संपला.

काडतूस निवडताना लोक पल्ल्याचा विचार करतात, मी धक्क्याचा, म्हणजे गोळी सुटताना खांद्याला बसणाऱ्या झटक्याचा, करतो. .३०-०६ हे १९०६ पासूनचे उत्तम काडतूस आहे, पण हलक्या रायफलीत त्याचा धक्का नवशिक्याला डोळे मिटायला शिकवतो, आणि ती सवय सोडवायला फार वेळ लागतो. १९५२ चे .३०८ थोडे सौम्य, आणि त्याची काडतुसे खेड्यातल्या दुकानातही मिळतात. २००७ मध्ये आलेल्या ६.५ क्रीडमूरचा धक्का आणखी बराच कमी आहे, तरी हरणाला ते पुरून उरते. सडपातळ माणसाला किंवा घरातल्या मुलामुलींनाही शिकवायचे असेल तर .२४३ विंचेस्टरचा विचार करावा. रायफल आल्यावर दोन-तीन कंपन्यांच्या, वेगवेगळ्या वजनाच्या गोळ्यांची एकेक पेटी आणून पाहावी. एकाच नळीतून एका पेटीचे गट दुसरीच्या दुप्पट मोठे येणे अगदी नेहमीचे आहे, आणि रायफल बदलण्यापेक्षा पेटी बदलणे नक्कीच स्वस्त पडते.

दुर्बीण जोडूनच मिळणाऱ्या पॅकेजबद्दलही विचारणा होते. ही पॅकेजे वाईट नसतात, परंतु त्यांतली दुर्बीण बहुधा किमतीतला सर्वांत कच्चा दुवा असते आणि कारखान्यात बसवताना तिचे स्क्रू कमी-जास्त आवळलेले सापडतात. नुसती रायफल घेऊन ३-९×४० ची (तीन ते नऊ पट मोठे दाखवणारी, ४० मिलिमीटरच्या भिंगाची) दोनशे डॉलरांच्या आसपासची दुर्बीण वेगळी घ्यावी आणि टॉर्क पाना (स्क्रू ठरावीक जोरानेच आवळणारा) वापरून स्वतः बसवावी. तिची मागची कड बोल्टच्या मुठीला अडत नाही ना हेही पाहावे. रूगरचा बोल्ट ७० अंशांतच उघडतो, त्यामुळे तिथे बोटांना जागा राहते. मग रेंजवर जाऊन बोल्ट काढून ठेवावा, रायफल पिशव्यांवर स्थिर करावी, नळीच्या मागच्या बाजूने पाहून २५ यार्डांवरचे निशाण नळीच्या मधोमध आणावे आणि रायफल न हलवता दुर्बिणीची फुली त्याच निशाणावर फिरवून आणावी. पहिली गोळी कागदावर हमखास लागते. पुढे १०० यार्डांवर बहुतेक दुर्बिणींची नेम सरकवणारी चकती चार ‘टिक’ फिरवली म्हणजे एक इंच, एवढे लक्षात ठेवले की अर्ध्या पेटीत काम होते.

जुनी रायफल घ्यावी का, असाही प्रश्न येतो. जाणकार सोबत असेल तर अवश्य घ्यावी, कारण अनेक रायफली वर्षाला पाच गोळ्या झाडून कपाटात गेलेल्या असतात. रेमिंग्टन ७०० दिसली तर मात्र तिच्या चापाची चौकशी करावी; २००६ ते २०१४ या काळातल्या एक्स-मार्क प्रो चापाच्या रायफली कंपनीने २०१४ मध्ये दुरुस्तीसाठी परत मागवल्या होत्या, आणि त्यांतल्या सगळ्याच परत गेल्या असतील असे समजून चालू नये.

घरात मुले असोत वा नसोत, कुलपाचे कपाट या खर्चात पहिल्याच दिवशी धरावे आणि काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावीत. त्यानंतर पैसे उरत असतील तर ते महागड्या रायफलीत न घालता .२२ ची, म्हणजे लहान, स्वस्त काडतुसाची, एक बोल्ट-ॲक्शन घ्यावी. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, त्यामुळे इथल्या मुलांना आजोबांकडून मिळते तसे शिक्षण आपल्याला घरातून मिळालेले नसते, आणि ती कसर .२२ भरून काढते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले ते याच .२२ काडतुसाच्या ५० मीटर रायफल प्रकारात, जिथे दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर असतो. आपल्याला तेवढे नको आहे, पण श्वास, चाप आणि बोल्टची चाल तीच आहे, धक्का नाही, आणि पन्नास गोळ्यांची पेटी .३०८ च्या चार-पाच गोळ्यांच्या पैशांत येते. सॅव्हेज मार्क २ स्वस्तातली आहे, सीझेड ४५७ बरीच महाग. झेपत असेल तर सीझेड घ्यावी, कारण मोठी रायफल हंगामात चार दिवस बाहेर निघेल आणि ही वर्षभर दर शनिवारी.