पायाने शोधायच्या गोष्टी

दुपारी तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या खायच्या शिंपल्या, मिठाच्या पाण्यात घातल्या तर शेजारीण म्हणते, अगं आत्ताच कशाला मीठ? झालं, माझं लेक्चर सुरू. साध्या पाण्यात त्या तोंडच उघडत नाहीत गं, खाडीसारखं खारट लागलं की मग कुठे बारक्या दोन नळ्या बाहेर काढतात आणि पोटातली रेती सोडतात. या विषयावर माझं कुणाशीच पटत नाही, सासूबाईंशी तर नाहीच नाही.

आजीचं घर मालवणजवळच्या देवबागच्या अलीकडे, कर्लीच्या खाडीकाठी. ओहोटी लागली की बायका साड्या खोचून चिखलात उतरायच्या, मीपण मागोमाग. तिसऱ्या डोळ्यांनी शोधायच्याच नसतात, टाचेखाली टणक लागलं की वाकायचं, बोटं खुपसायची, आणि बाहेर येता येता ती पिचकारी मारणार, बरोब्बर तोंडावर.

मला मात्र वेड तिवरांच्या, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीच्या झाडांच्या, खोडावरच्या गोगलगायींचं. नखाएवढ्या, टोकदार, करड्या. शंखाची कड चिकट लाळेने सालीला डकवून बसलेल्या असायच्या, ओढून काढली की टच्‌कन पातळ तपकिरी झाकण लावून घ्यायची आणि तळहातावर खडा ठेवल्यासारखी गप्प. कितीही वेळ बघत बसा, ती काही दार उघडत नाही.

आजीला भरतीचं गणित तोंडपाठ, तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे चतुर्थीला पूर्ण भरती तीन वाजता, अष्टमीला सहाला. पण चिखलात उभी असताना ती गणितबिणित करायची नाही, सरळ खोडावरच्या गोगलगायींकडे बघायची. "चढूक लागले बघ गो, चल भायर, पाणी येतला." केनियातल्या तिवरांमधल्या अशाच एका गोगलगायीवर तर रीतसर अभ्यास झालाय, पाणी पोचायच्या आधीच ती खोड चढायला लागते. आजीला सांगायला हवं होतं, म्हणाली असती त्यात काय एवढा.

आता मी राहते ऐरोलीला. ठाणे खाडीला 2022 मध्ये रामसर, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागेचा आंतरराष्ट्रीय, दर्जा मिळाला, लोक बोटीतून फ्लेमिंगो बघायला जातात, मीही जाते, पण माझं लक्ष सगळं खोडांकडे. फोटो काढला तर नुसते ठिपके येतात, ग्रुपवर टाकले की सगळे विचारतात हे काय आहे.

गावाकडे तिसऱ्या कमी झाल्यात म्हणे. रेती उपसतात ना खाडीतून, रात्रीचीसुद्धा. आणि तिसरी त्याच रेतीत राहते, तिला कुठलं आलंय खोडावर चढायला.