जहाजाचे साडेपाच

क्रूझला निघण्याआधीच्या मीटिंगमध्ये कुणीतरी हमखास विचारतं, "ताई, गर्दी किती असेल हो?" मी आकडा सांगते आणि समोरचे चेहरे उतरतात. सिंगापूरहून आम्ही ज्या मोठ्या जहाजांवर ग्रुप नेतो, त्यांवर एका खोलीत दोघंच धरली तरी चार हजारांच्या वर माणसं होतात. सुट्ट्यांत मुलंबाळं आली की खोलीतला तिसरा-चौथा बिछानाही उघडतो आणि आकडा आणखी चढतो. शिवाय कर्मचारी वेगळे. २०२४ मध्ये मायामीहून सुरू झालेल्या 'आयकॉन ऑफ द सीज'वर तर नुसते प्रवासीच ७,६०० पर्यंत मावतात.

अकरा वर्षं हे काम केल्यावर मला एक गोष्ट कळली आहे. जहाजावर गर्दी घड्याळाप्रमाणे फिरते. सकाळी साडेआठ ते साडेनऊ बुफेत ताट घेऊन उभं राहायलाही जागा नसते, पण पावणेसातला तिथंच खिडकीजवळचं टेबल मिळतं. चढण्याच्या दिवशी झाडून सगळे हातातल्या बॅगांसकट बुफेकडे धावतात. त्याच वेळी वाढपी असलेलं खालचं डायनिंग उघडं असेल तर ते अर्धं रिकामं असतं. शो सुटला की लिफ्टसमोर ही झुंबड उडते. दहा मिनिटं खुर्चीत बसून राहिलं तर लिफ्ट आपल्यासाठीच थांबल्यासारखी मिळते. म्हणून मी माझा ग्रुप सगळ्यांच्या अर्धा तास पुढे तरी ठेवते, नाहीतर मागे तरी. पहिल्या दिवशी लोक कुरकुरतात, "सुट्टीला येऊन पण सहाला उठायचं?" दुसऱ्या दिवशी तेच लोक शेजारच्या खोलीतल्यांना सांगत असतात, पावणेसातला जा म्हणून.

ज्या दिवसाबद्दल लिहायला बसले आहे तो २०२३ च्या नाताळच्या आठवड्यातला. त्या वर्षी १० नोव्हेंबरपासून थायलंडनं आणि १ डिसेंबरपासून मलेशियानं आपल्या लोकांना व्हिसाची अट काढून टाकली होती. त्यामुळे जहाजावर जिकडेतिकडे आपलीच भाषा. कॉफीच्या रांगेत मागून "अगं सरक ना पुढं" ऐकू यायचं. माझ्या ग्रुपमध्ये ३८ जण होते. सगळ्यांत मोठे हर्णैचे काका, वय ७४, मुंबईच्या गोदीतून निवृत्त झालेले. सगळ्यांत लहान जळगावची एक दहा वर्षांची मुलगी. आणि सांगलीचे एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी. त्यांना सगळे सर आणि काकू म्हणत. चार रात्रींची फेरी होती. सिंगापूरहून पेनांग, मग फुकेत, एक दिवस समुद्रात आणि परत सिंगापूर.

पेनांगला काहीच त्रास झाला नाही. जहाज शहराच्या धक्क्याला लागलं, आम्ही चालत उतरलो, फिरलो, वेळेत परत आलो. ते इतकं सुरळीत झालं की मीसुद्धा थोडी सैलावले.

फुकेतला आम्ही पातोंगच्या खाडीत गेलो. तिथं एवढं मोठं जहाज लागेल असा धक्का नाही. जहाज बाहेर खोल पाण्यात नांगर टाकतं आणि माणसांना छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात. इंग्रजीत त्याला टेंडर म्हणतात. हर्णैच्या काकांनी कठड्यावरून खाली पाहिलं आणि म्हणाले, "हे तर आमचं पडाव!" त्यांच्या लहानपणी मुंबईहून येणारी कोकण बोट हर्णैला अशीच बाहेर उभी राहायची आणि लोक पडावात उतरून किनाऱ्याला लागायचे. बोचकी, कोंबड्या, आंब्याच्या पेट्या, बाळंतिणी, सगळं त्यातूनच. "पडाव भरला की सुटला. कुणाची वाट बघायचा नाही," ते म्हणाले. दिवसभर आमच्या ग्रुपमध्ये टेंडर हा शब्द कुणी वापरला नाही.

पडावाचं गणित सोपं असतं आणि म्हणूनच त्याची धास्ती वाटते. एका बोटीत साधारण शंभर-सव्वाशे माणसं. अडीच हजार लोक उतरणार म्हटलं तरी वीस-पंचवीस फेऱ्या. सकाळी ही माणसं दोन-तीन तासांत पसरून उतरतात. संध्याकाळी मात्र शेवटच्या तासात सगळी एकदम परत येतात. म्हणून मी सकाळी सातलाच सगळ्यांचं खाणं उरकून नंबराची चिठ्ठी घेतली आणि आम्ही पहिल्या काही बोटींत किनाऱ्यावर पोचलो. शेवटची बोट साडेपाचला होती. मी सव्वाचारला मॉलच्या दारात जमायचं ठरवलं. तिथून धक्का पंधरा मिनिटांवर, म्हणजे साडेचारला आम्ही रांगेत. सगळ्यांच्या अर्धा तास पुढे.

घड्याळाची गोष्ट मी त्यांना सांगितली होती. थायलंडचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे चालतं. मलेशिया आणि सिंगापूरची वेळ एकच, म्हणून पेनांगला हा प्रश्न आला नव्हता. जहाज मात्र आपलं घड्याळ बदलत नव्हतं, ते सिंगापूरच्या वेळेवरच राहणार होतं. हे मी बसमध्ये माइकवरून सांगितलं. नेमकी त्याच वेळी बस सुटत होती, मुलं खिडकीच्या जागेवरून भांडत होती आणि सर-काकू शेवटच्या सीटवर होते. मी दोनदा सांगितलं. पण मागच्या माणसाला ऐकू आलं का, हे मी विचारलं नाही. ती चूक माझी.

'वाट चालोंग' नावाचं बौद्ध देऊळ झालं, पातोंगला येऊन पंजाबी जेवण झालं आणि अडीचला सगळ्यांना मोकळं सोडलं. सव्वाचारला मॉलच्या दारात मोजणी केली. ३६. पुन्हा मोजली. ३६. सर आणि काकू नव्हते.

सर म्हणजे जमायच्या वेळेच्या दहा मिनिटं आधी हजर असणारा माणूस. मी फोन लावला, लागला नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर एकच टिक. साडेचार वाजले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. त्या मॉलमध्ये, त्या रस्त्यांवर, नाताळच्या त्या गर्दीत दोन माणसं कुठं शोधायची? मी ग्रुपला विचारत होते, शेवटचे कुणी पाहिले, कुठं पाहिले. तेवढ्यात जळगावची मुलगी म्हणाली, "मी मगाशी आजोबांना वेळ विचारली होती. त्यांच्या घड्याळात तीन वाजायला दहा मिनिटं होती."

ती त्यांना भेटली होती चारच्या जरा आधी.

सगळं एका क्षणात उलगडलं. सरांनी परदेशात चालणारं सिम घेतलं होतं. किनाऱ्यावर उतरताच मोबाईलनं थायलंडची वेळ पकडली आणि शाळेत ३० वर्षं घंटेवर चाललेल्या त्या माणसानं मनगटावरचं घड्याळ मोबाईलशी जुळवून घेतलं. ते हरवले नव्हते. ते त्यांच्या हिशेबानं अगदी वेळेत होते, फक्त माझ्यापेक्षा एक तास मागे. त्यांच्यासाठी आत्ता साडेतीन वाजले होते. म्हणजे आता प्रश्न एवढाच होता की पाऊण तास हाताशी असताना सर आणि काकू कुठं बसतील. काकूंचे गुडघे दुखतात. त्या दुकानं फिरणार नाहीत. सकाळी बोटीतून उतरताना त्या म्हणाल्या होत्या, "ह्या वाळूत जरा पाय सोडून बसायचंय." मला उत्तर मिळालं होतं.

मी हर्णैच्या काकांना बाजूला घेतलं. "काका, तुम्ही सगळ्यांना घेऊन रांगेत जा. बोट आली की बसवून द्या. आमच्यासाठी कुणी थांबायचं नाही." काकांनी ३६ ऐवजी ३५ जणांच्या पाठी थोपटल्या. ते तेव्हा मला कळलं नाही. मी निघाले.

वाटेत धक्क्याजवळच्या तंबूपाशी थांबले. तिथं जहाजाचा सिक्युरिटीचा मडगावचा एक मुलगा उभा होता. मराठी कोकणीच्या चालीनं बोलायचा, पण बोलणं एकदम स्पष्ट. "ताई, साडेपाचला मी रांगेच्या शेवटी दोरी लावणार. दोरीच्या आत जो असेल तो जाणार, मग पाच बोटी लागल्या तरी चालेल. दोरीच्या बाहेर आला तो राहणार." मी विचारलं, आणि राहिला तर? तो म्हणाला, चढता-उतरताना यंत्रावर धरलेल्या कार्डाच्या नोंदीवरून कोण आलं नाही ते जहाजाला नेमकं कळतं. पासपोर्ट जहाजावर राहिला असेल तर खोलीतून काढून इथल्या एजंटाकडे देतात, पुढचा प्रवास त्या माणसानं आपल्या खर्चानं करायचा. हे मला ठाऊक होतं. तरी त्याच्या तोंडून ऐकताना डोळ्यांसमोर फुकेतच्या विमानतळावर बसलेल्या काकू आल्या.

किनाऱ्यावर मी पळत नव्हते. गर्दीत पळणारं माणूस डावी-उजवीकडे बघत नाही, समोरचा अडथळा तेवढा बघतं. मी एकेका झाडाखाली, एकेका छत्रीखाली नजर टाकत भरभर चालत होते. ऊन चांगलं कडक होतं. कुणाही शहाण्या माणसाला वाटलं असतं की दुपार आहे, संध्याकाळ व्हायला अजून वेळ आहे. त्या उन्हानंही सरांचीच बाजू घेतली होती.

पाच वाजून आठ मिनिटांनी मला काकूंची अबोली साडी दिसली. झाडाच्या सावलीत, चपला बाजूला नीट जोडून ठेवलेल्या, पाय वाळूत. सर शेजारी शहाळ्याचं पाणी पीत होते. मला पाहून त्यांचा चेहरा खुलला. "या या! बसा. अजून पाच मिनिटं बसून आम्ही निघणारच होतो." आणि त्यांनी मनगट माझ्यापुढे धरलं. चार वाजून आठ मिनिटं.

मी वाद घातला नाही. एवढंच म्हणाले, "सर, जहाजाचे पाच वाजून गेलेत. शेवटची बोट साडेपाचला आहे."

त्यांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग शहाळं खाली ठेवलं, वाकले आणि काकूंच्या पायाची वाळू स्वतःच्या रुमालानं झटकायला लागले. त्यांचा हात थरथरत होता. "चुकलं माझं," ते म्हणाले. मी म्हटलं, "नाही सर, मी सांगायला कमी पडले. चला." काकू काही बोलल्या नाहीत, फक्त माझा दंड घट्ट धरला.

रस्त्यावर टुकटुक मिळाली. पैशांची घासाघीस केली नाही. धक्क्याच्या तोंडाशी उतरलो तेव्हा पाच चोवीस झाले होते. समोर रांग होती, सहाशे-सातशे माणसांची तरी. किनाऱ्यावरून वळसे घेत गेलेली. उन्हानं लाल झालेली, हातात पिशव्या, खांद्यावर झोपलेली पोरं. मडगावचा मुलगा हातात दोरी घेऊन रांगेच्या शेवटाकडे चालत निघाला होता.

आणि त्या रांगेच्या अगदी शेवटी हर्णैचे काका उभे होते. एकटे.

ग्रुपला त्यांनी केव्हाच बोटीत बसवून दिलं होतं. स्वतः मागे राहिले, आणि पाऊण तास येणाऱ्या प्रत्येकाला हातानं खूण करून पुढे सोडत होते. "गो, गो, यू गो." नवं कुटुंब आलं की हे एक पाऊल मागे. रांगेचं शेपूट त्यांनी आपल्या पायाशी धरून ठेवलं होतं. आम्ही तिघं त्यांच्या मागे उभे राहिलो. मडगावच्या मुलानं माझ्याकडे पाहिलं, दोन पावलं आणखी मागे आला आणि आमच्या पाठीशी दोरी लावली.

पुढचा पाऊण तास तसा साधाच होता. उभं राहायचं, सरकायचं, पाणी प्यायचं. मध्येच दोघातिघांनी पुढं घुसायचा प्रयत्न केला, आरडाओरडा झाला. सर एका रडणाऱ्या परक्या पोराला त्याच्या बोटांवर काहीतरी मोजून दाखवत होते. तरंगत्या धक्क्यावर पाय ठेवताना काकू अडखळल्या. तिथं खलाशी पंजा धरत नाहीत, तुमचं मनगट धरतात आणि तुम्ही त्यांचं धरायचं. घामानं पंजा निसटतो, मनगट निसटत नाही. काकूंचं मनगट त्या खलाशानं धरलं, त्या बोटीत उतरल्या, आणि खाली बसल्याबरोबर रडायला लागल्या. हर्णैचे काका म्हणाले, "रडू नका वैनी. पडाव मिळाला ना?"

जहाजाच्या दारात प्रत्येकाचं कार्ड यंत्रावर धरतात आणि टिंग असा आवाज येतो. माझं कार्ड मी शेवटी धरलं. आत बाकीचे ३५ जण जिन्यापाशी बसून होते, कुणी जेवायला गेलं नव्हतं. जळगावची मुलगी पळत आली आणि तिनं सरांचा हात उलटा करून घड्याळ बघितलं. सरांनी मनगट तिच्यापुढे धरलं, किल्ली ओढून दिली आणि म्हणाले, "तूच लाव. जहाजाचे किती वाजले?"

तिनं माझ्या घड्याळात बघून काटे फिरवले. सहा वाजून वीस मिनिटं.

तेव्हापासून माझ्या पाठीवरच्या बॅगेला बाहेरून एक मोठ्या आकड्यांचं गजराचं घड्याळ टांगलेलं असतं, डोंबिवलीच्या स्टेशनबाहेरून घेतलेलं. बंदर कुठलंही असो, ते जहाजाची वेळ दाखवतं. उतरण्याआधी मी आता माइकवर बोलत नाही. सीटसीटपाशी जाते, घड्याळ पुढे धरते, आणि प्रत्येकाकडून वेळ मोठ्यानं वाचून घेते. शेवटच्या सीटपासून सुरुवात करते.